तू ऑफिसात बोललीस त्या दिवसाबद्दल

शालन,

मोरे बाई घरी येऊन गेल्या. शाळेच्या वार्षिक अंकात शिपाई मावशींवर, म्हणजे तुझ्यावर, एक लेख पाहिजे म्हणाल्या, आणि तो मीच लिहावा. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस. सगळी नोकरी चाकणच्या कंपनीत पत्र्याला रंग मारण्यात गेली. मला काय लिहिता येतंय? तर म्हणाल्या, "आबा, मावशींशी बोलताय असं समजून लिहा. शुद्धलेखन आम्ही बघू." आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "मावशींचा प्रेमळ स्वभाव, मुलांवरची माया, असं थोडं येऊ द्या."

आता खोटं कसं लिहू? तू प्रेमळ कुठं होतीस? नळ चालू ठेवणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचीस आणि वर त्यालाच विचारायचीस, "तुझ्या बापानं धरण बांधलंय का?" फरशी ओली असताना हेडबाई आल्या तर त्यांनाही दारात थांबवायचीस. मला तर लग्न झाल्यापासून एक शब्द गोड बोलली नाहीस. मीही तुला बोललो नाही, तेव्हा त्याची तक्रार नाही.

माया होती. ती मला माहीत आहे. पण ती लिहायला घेतली की हात थांबतो. म्हणून मी ती गोष्ट लिहितो जिच्यावरनं आपण शेवटपर्यंत भांडलो. भांडण अर्धं टाकून तू गेलीस आणि मला ते एकट्याला संपवता येईना. बाईंना छापायचं तर छापतील, नाहीतर नाही. पोरीचं आणि तिच्या आईचं नाव मी बदललंय. तुला कळेल कोण ते.

शाळेत नशेवरचं व्याख्यान झालं त्या दिवशी तू तणतणत घरी आलीस. पिशवी खुंटीला अडकवायच्या आधीच सुरू.

"अवो, मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. गांजा असा दिसतो, गोळ्या अशा असत्यात, चिकटवायचं सोल्युशन रुमालावर वतून असं नाकाला लावत्यात. पाचवीची पोरं म्होरं बसलेली. डोळे फाडून बघत हुती. ज्याला ठावं न्हाई त्यालाबी कळलं."

मी म्हटलं, "मंग काय झाकून ठेवायचं? आजकाल शाळेच्या मागंच इकत्यात."

"झाकून ठेवा म्हनलं का मी? पर लागल्यावर सोडायचं कसं, ते एका चित्रात दावलं न्हाई. नुसती शपथ घ्यायला लावली. समद्यांनी हात म्होरं केले."

"तू केलास का?"

"माझ्या हातात चहाचा ट्रे हुता."

मी हसलो. म्हटलं, तू शपथ घेतली असतीस तर शाळेला पाप लागलं असतं. सकाळ-दुपार मशेरी लावणारी बाई नशेच्या विरुद्ध शपथ घेणार! तंबाखू भाजून दाताला चोळली काय आणि चुना लावून खाल्ली काय, एकच. तू डोळे वटारलेस. "मशेरीनं दात घट्ट राहत्यात," म्हणालीस. तुझा अर्धा जबडा मोकळा होता, तरी.

पण ते व्याख्यान तुझ्या डोक्यात बसलं. मोरे बाईंनी सांगितलं होतं, काही वेगळं दिसलं, वास आला तर कळवा. तू तर पोरींच्या वेण्याच घालायचीस. सकाळी घाईत वेणी न घालता आलेली पोरगी नळाजवळ तुझ्यापुढं येऊन बसायची. तू प्रत्येकीच्या डोक्याचा वास घ्यायला लागलीस. आणि मग ती सातवीतली पोरगी सापडली. डोक्याला भपकारा येतोय म्हणून तू तिला हाताला धरून ऑफिसात नेलंस. तिच्या आईनं उवा झाल्या म्हणून रॉकेल लावलं होतं. पोरगी रडून रडून लाल झाली. आई आली ती भांडायलाच. हेडबाई तुला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पोलीस नाही." तू घरी येऊन जेवली नाहीस. मी तुला दिवसभर "इन्स्पेक्टर" म्हणून हाक मारली. मला वाटलं तू हसशील.

ते रॉकेल झालं नसतं तर आरतीचं तू पहिल्याच दिवशी बाईंच्या कानावर घातलं असतंस. तोंड पोळलेलं होतं म्हणून तू गप्प बसलीस. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

वाचणाऱ्यांना सांगतो, आरती आमच्याच चाळीतली. नववीत आहे. तिची आई कविता आमच्या गावाकडची, म्हणून आम्हाला घरच्यासारखी. नवरा दापोडीला दुसरा संसार थाटून बसलाय. कविता घरात जॉबचं काम करते. टेंपोवाला गोण्या टाकून जातो. गाडीच्या दाराच्या आत बसणारे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवायच्या. सोल्युशनचा डबा उघडा, ब्रश मारला, पट्टी दाबली, पुढचा तुकडा. आमच्या चाळीत चार घरांत हेच चालतं. आणि खिडकी लावून घ्यायची, कारण वारा आला की ओल्या सोल्युशनवर धूळ बसते आणि माल परत येतो. एक खोली. त्यातच चूल, त्यातच अंथरूण, त्यातच आरतीचा अभ्यास. शाळेतनं आली की तीही आईला हात लावायची.

एक दिवस वेणी घालताना तू तिला सरळ विचारलंस. मला हे तू नंतर सांगितलंस. "रविवारी गोण्या नसत्यात, तरी तुझ्या तोंडाला वास कसा गं?" पोरगी म्हणाली, "मावशी, काम नसलं की डोकं फुटतं. डबा हुंगला की बरं वाटतं." आणि कुणाला सांगू नका म्हणून तुझे हात धरले.

तू म्हणालीस, "सोड मंग." ती म्हणाली, "तुमी मशेरी सोडा, मी डबा सोडते."

चौदा-पंधरा वर्षांची पोर, पण बोलली बरोबर जागी. आणि तूही वेडी, खरंच सोडलीस. मला कारण सांगितलं नाहीस. मी आपलं बघत होतो, हिची डबी कपाटावर पडून आहे आणि ही भांडी आपटतेय. डोकं बांधून बसायचीस. पोट साफ होईना. एकदा भाजीत मीठच टाकलं नाहीस आणि मी बोललो तर म्हणालीस, "मीठ लागतं का तुमाला? तुमाला काय कळतं चवीतलं?" मला वाटलं वय झालं, डोकं फिरलं.

तुझं सुटलं. तिचं सुटलं नाही. तू बोळकं झालेल्या वयात सोडून दाखवलंस आणि तुझ्या घरात मशेरीची एकच डबी होती. तिच्या घरात रोज नवी गोणी यायची.

मग ती प्रार्थनेला उभी असताना पडली. मोरे बाईंनी उचललं, त्यांना वास आला. वर्गात नेऊन सगळ्यांसमोर दप्तर उपसलं. कंपासपेटीत फोमचा तुकडा निघाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, सोल्युशननं चिंब. दुपारपर्यंत सगळ्या शाळेत झालं, नववीतली अमकी नशा करते. कविताला बोलावणं आलं. कविता माझ्याकडं आली. "आबा, तुमी चला. मला बोलता येत न्हाई त्यांच्याम्होरं."

मी गेलो. पांढरा सदरा घालून गेलो. ऑफिसात हेडबाई, मोरे बाई, भिंतीला टेकून आरती. तू कोपऱ्यात पाण्याचे ग्लास घेऊन. मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, एवढा मी तावात होतो.

मी म्हटलं, "बाई, हा वास कामाचा हाय. नशेचा न्हाई. या पोरीच्या घरात दिवसभर सोल्युशन चालतं. पट्टीचा तुकडा दप्तरात जाणार न्हाई तर कुठं जाईल? सुताराच्या पोराच्या दप्तरात भुसा निघाला तर त्याला काय म्हणणार? नोकरीभर माझ्या अंगाला थिनरचा वास यायचा. मी नशेडी हाय का?"

कविता पदर डोळ्याला लावून रडत होती. "गरीब हाय म्हणून कायबी बोला," म्हणाली.

हेडबाई चांगल्या आहेत, हे लिहिलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, "वर्गासमोर दप्तर तपासलं ते चुकलंच. बाकीचं जर असं असेल, तर आम्ही तुमची माफी मागतो."

मी जिंकलो होतो. छाती फुगली होती माझी. आणि तू ग्लास टेबलावर ठेवलेस आणि बोललीस.

"न्हाई बाई. पोरगी घेती."

कविता म्हणाली, "मावशी, तुमी?" आरती तुझ्या पायांकडं बघत होती. रडली नाही. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं.

"मला तिनं सांगितलंय," तू म्हणालीस. "आईलाबी ठावं न्हाई. पर बाई, दाखला हातात देऊ नका. आठ दिवस घरी बसवूबी नका. घरी बसवलं तर ती कुठं बसंल? त्याच खोलीत, त्याच डब्याम्होरं. हितं हाय तवर तिला सोल्युशन न्हाई. हितंच ठेवा."

आठवडाभर घरी बसवायचं त्यांचं ठरलेलं होतं, ते मोरे बाईंनी मला नंतर सांगितलं. तसा कागदही तयार होता. तो त्यांनी फाडला. आरती शाळेत राहिली. समुपदेशक बाई गुरुवारी येतात, त्यांच्याकडं तिला बसवायला लागले. तेवढं तुझ्या बोलण्यानं झालं. पण त्या खोलीतनं निघताना ते मला काहीच दिसत नव्हतं. मी तुझ्या पुढं पुढं चालत घरी आलो, काळेवाडीच्या चौकात तू रस्ता ओलांडायला थांबलीस तरी मी थांबलो नाही.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. पोरीनं विश्वासानं सांगितलं आणि तू चारचौघांत बोललीस. मला तोंडघशी पाडलंस. चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

"तुमचं तोंड मोठं का पोरगी मोठी?"

"तिचा शब्द मोडलास तू."

"मोडला. ती प्रार्थनेत पडली. उद्या जिन्यावरनं पडली असती, मंग त्यो शब्द घिऊन काय करू? उरावर ठिवू?"

"तो कामाचाच वास हाय. तुला काय कळतं? मी जन्म काढलाय त्यात."

तेव्हा तू स्टो पुसत होतीस. फडकं खाली ठेवलंस आणि हळू बोललीस. तू हळू बोललीस की मला भीती वाटायची.

"तुमाला वास येतो का वो? नाक जाऊन किती वर्सं झाली तुमचं. दूध उतू गेलं तरी कळत न्हाई. तुमी कशाच्या वासाची खात्री देताय? आन् गुरवारी तुमचं डोकं का दुखायचं, ते सांगा."

गुरुवार आमची सुट्टी. गुरुवारी मी डोकं धरून बसायचो. कशावरनंही चिडायचो. सुनंदा लहान होती, तू तिला सांगायचीस, आज बाबाला हाक मारू नको. आणि शुक्रवारी कंपनीच्या गेटात शिरलो, पेंट शॉपचं दार उघडलं की डोकं उतरायचं. बरं वाटायचं. मी तुलाच सांगायचो, कामाला गेलं की बरं वाटतं, माणसाला काम पाहिजे. सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम मागून जायचो. लोक म्हणायचे, काय कष्टाळू माणूस आहे राव.

तू एवढी वर्षं ते बघत होतीस आणि बोलली नव्हतीस. आरतीनं "काम नसलं की डोकं फुटतं" म्हटलं तेव्हा तुला ते माझ्याच तोंडचं वाक्य वाटलं असणार.

मी उत्तर दिलं नाही. बाहेर निघून गेलो. पुढंही दिलं नाही. आता देतो: व्हय शालन, त्याच्यामुळंच दुखायचं. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तू ऑफिसात बोललीस त्या दिवसापर्यंत कुणी विचारलंही नव्हतं. पण एवढं कबूल करूनही माझं म्हणणं उरतंच. तू आधी पोरीला सांगायला पाहिजे होतंस की मी आता बोलणार आहे. तिच्या आईला बाहेर नेऊन सांगायचं होतंस. दोन पावलांवर दार होतं. तू म्हणशील, तुमीच तावातावानं बोलत हुता, मला वेळ कुठं दिलात. म्हण. ते खरंच आहे. तरी मला जे वाटतं ते तसंच वाटतं.

कारण त्या पोरीनं तुला माफ केलं नाही. तू रोज सकाळी फणी घेऊन नळाजवळ उभी राहायचीस. ती केस मोकळे घेऊन तुझ्यासमोरनं वर्गात जायची आणि मोरे बाईंची बोलणी खायची. चाळीत कविता तुला बघून दार लावून घ्यायची. बाकीच्या जॉबवाल्या बायकांनाही वाटलं, आता शाळा आमच्याही पोरांचे वास घेणार, आणि काम बंद पडणार. संक्रांतीला आपल्या घरी हळदीकुंकवाला कोणी आलं नाही. तू तिळगुळाचं ताट झाकून ठेवलंस आणि मला म्हणालीस, "तुमी खावा, दात हायत तुमाला." मी खाल्ले. काय करणार.

मग तुला दम लागायला सुरुवात झाली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत पाणी झालं म्हणाले. शेवटच्या दिवसांत तू काही खात नव्हतीस. मी एकदा खिशात तुझी डबी घेऊन आलो. वॉर्डात सिस्टर नव्हती. म्हटलं, लाव जरा, तोंडाला चव येईल. तू मान फिरवलीस.

"ती सोडंल तवा बघू."

"ती तुझ्याशी बोलत न्हाई अजून."

"बोलायचं कुठं ठरलं हुतं? सोडायचं ठरलं हुतं."

शेवटचं तू मला जे बोललीस ते मात्र असलं काही नव्हतं. पंखा बंद करा, गार वाटतंय, एवढंच. मी बंद केला. बाजूच्या खाटेवरची बाई ओरडली, उकडतंय म्हणून. मी परत लावला. हे माझ्या डोक्यातनं जात नाही. लोक म्हणतात, मावशींनी जाताना काय सांगितलं? मी त्यांना काय सांगू?

आरती आली नाही बघायला. दवाखान्यात नाही, घरी नाही, नेताना नाही. मी गर्दीत शोधलं. शाळेच्या पोरी आल्या होत्या, रिबिनी बांधलेल्या. तिला शोधताना मला तुझ्यावर राग आला, आणि लगेच माझाच मला.

घरात चूल पेटत नव्हती तेव्हा शेजारपाजारची ताटं येत होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कविता आली. इतक्या महिन्यांनी आपला उंबरा ओलांडला तिनं. पिठलं-भाकरी झाकून आणली होती. ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"आबा, आरतीला मामाकडं पाठवतेय. अंबाजोगाईला. शाळा बास झाली."

"का गं?"

"मी डबा कपाटात कुलूप लावून ठिवते. तिनं चावी शोधली. मी डब्यावर ध्यान ठिवू, का पोरीवर, का कामावर?"

"काम सोड मंग."

"आन् खायचं काय? तुमी घालणार?" मग म्हणाली, "तिकडं तिचा मामा बघंल काय ते. स्थळबी बघतील."

"नववीतल्या पोरीला स्थळ?"

"मंग काय करू आबा? मावशींनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. आन् कळलं नसतं तर बरं झालं असतं, देवाशपथ." आणि तुझ्या फोटोकडं बघून ती ओरडून रडली. राग होता, दुःख होतं, मला काही वेगळं काढता येईना.

तेव्हा मी तिला मशेरीचं सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "एवढ्या वर्साची मशेरी? पोरीसाठी?" मी म्हटलं, व्हय, आणि त्यापायी मी अळणी भाजी खाल्ली.

पाठवू नको, हे म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पण नुसतं म्हणून काय उपयोग? तू ऑफिसात म्हणालीस, घरी बसवू नका, घरात डबा आहे. शाळेनं ऐकलं. पण शाळा संध्याकाळी सुटते. रविवारी बंद असते. दिवाळीची सुट्टी असते. तेवढ्या वेळेला पोरगी जाणार त्याच खोलीत. ते कोणी सोडवलं नव्हतं. तूही नाही.

मी म्हटलं, "कविता, गोण्या माझ्याकडं टाक. हितं बसून काम कर. तुझी खोली पोरीला मोकळी राहू दे. डबा रात्रीचा माझ्या घरात राहील, कुलूप माझं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मावशी वरनं चप्पल फेकून मारतील," म्हणाली.

"मारू दे. नेम कधीच धड नव्हता तिचा."

तर शालन, तुझ्या घरात आता फोमच्या गोण्या आहेत. देव्हाऱ्याच्या खालपर्यंत लागतात. सुनंदा दापोडीहून आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, आईला जाऊन किती दिवस झाले? माझ्याकडं चला म्हटलं तर येत नाही, आणि घराचा कारखाना केलात." मी म्हटलं, दोन खोल्यांत एकटा माणूस काय करणार. तिनं कविताला काही बोलू नये म्हणून मी तिला चहा करून दिला. तुझ्यासारखा झाला नाही. तिनं तो प्यायला.

खिडक्यांवरनं पहिल्याच दिवशी वाजलं. कविता लावायला गेली, मी म्हटलं, हितं खिडकी बंद होणार नाही, मग माल परत येऊ दे नाहीतर काही होऊ दे. दोन दिवस माल परत आला. टेंपोवाला बोंबलला. मग कवितानंच तुझी जुनी तपकिरी साडी मागितली. ती ओली करून खिडकीला बांधते. वारा आत येतो, धूळ साडीला चिकटते. रोज संध्याकाळी ती साडी धुवायची आणि वाळत घालायची. दोरीवर ती साडी बघून खालचे लोक पहिल्या दिवशी दचकले. मीही दचकलो. आता सवय झाली, असं म्हणतो, पण झालेली नाही.

आणखी एक सांगायचंय आणि ते मोरे बाईंनी छापलं तरी चालेल. काम सुरू झालं त्या दिवशी मी कौतुकानं आत बसलो होतो. कवितानं डबा उघडला. मला वास आला नाही, नाक नाहीच. पण डोक्यात वर काहीतरी सैल झालं. तू गेल्यापासून जे आवळलेलं होतं ते सुटल्यासारखं. एकदम बरं वाटलं मला, शालन. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी उठलो आणि बाहेर आलो. तेव्हा मला आरतीचं खरं कळलं. डबा कपाटात आहे आणि चावी कुठं आहे हे माहीत आहे, अशा घरात झोपणं म्हणजे काय, ते मला आता रोज कळतं. चावी मी कविताला देऊन टाकली. ती तिच्या कमरेला असते. कुलूप माझं, चावी तिची.

म्हणून ती काम करते तोवर मी बाहेर पायरीवर बसतो. पेपर वाचतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढतो, ते काम तू माझ्यासाठी ठेवून गेलीस.

आरती शाळेत जाते. अंबाजोगाईला नाही गेली. सुटलं का, ते मला सांगता येत नाही. समुपदेशक बाई म्हणतात, मध्ये एकदा चाळीतल्या दुसऱ्या घरी जाऊन बसली होती, जिथं डबा उघडा असतो. परत आल्यावर कवितानं मारलं. बाईंनी कविताला सांगितलं, मारू नका, परत आली हे धरा. त्यानंतर आतापर्यंत ठीक आहे. एवढंच. याच्यापेक्षा जास्त चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल.

माझ्याशी ती बोलत नव्हती. तुझा नवरा म्हणून माझाही राग. ऑफिसात मी तिच्या बाजूनं बोललो होतो, पण तेही खोटंच होतं, आणि ते तिला तेव्हाच माहीत होतं.

परवा संध्याकाळी ती आईला बोलवायला आली. पायरीच्या खाली उभी राहूनच हाक मारली, "आई, भात झाला. चल."

"आले. एवढी गोणी होऊ दे," आतनं कविता.

पोरगी तिथंच उभी. आत जाऊन बस की, असं माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. ती एकदा दाराकडं बघायची, एकदा रस्त्याकडं. आत ब्रशचा आवाज येत होता. मग तिनंच विचारलं.

"आबा, घर तुमचंच हाय ना? मग तुमी का बाहेर बसता रोज?"

मी पेपर बाजूला ठेवला. म्हटलं, "आत डबा उघडा असतो. मला भ्या वाटतं, पोरी."

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. माझ्याकडं नीट बघितलं, कदाचित पहिल्यांदाच. मग पायरीवर मधे हातभर जागा सोडून बसली. गोणी संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बाहेर बसून राहिलो.